ट्रान्सफॉर्मरशिवाय ट्यूबचं पेडल करावं का?

लातूर_फझ

नमस्कार. मी लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायलोय, गिटार वाजवतो आणि गिटारचा आवाज बदलणारी पेडलं घरीच करतो. सगळ्यात जीव लावलेलं पेडल म्हणजे फझ, आवाज फाडून दाणेदार करणारं. भंगारवाल्याकडच्या जुन्या रेडिओतून एसी१२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर काढले, गेन मोजून सत्तरच्या आसपासचा पहिल्या जागी आणि एकशेवीसचा दुसऱ्या जागी बसवला. १९६६ च्या फझ फेस पेडलचंच सर्किट. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की स्वच्छ वाजतं, पूर्ण उघडला की दाणेदार. फक्त दुपारी ऊन तापलं की आवाज तुटायला लागतो, त्याचं कारण कळंना.

खरा प्रश्न पुढचा आहे. आता ट्यूबचं प्रीअँप पेडल करायचंय. १२एएक्स७ ही ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, हातात आली आहे. तिला प्लेट नावाच्या टोकावर दोनशे-अडीचशे व्होल्ट तरी हवेत. मला मिळालेल्या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नाही. २३० व्होल्ट थेट चार १एन४००७ डायोडच्या ब्रिजवर, पुढे ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, की ३२५ व्होल्ट डीसी तयार. ट्यूब आतून तापवणाऱ्या हीटरला वेगळा अडॅप्टर. स्वस्तात होतं आणि डबा लहान राहतो. आई म्हणायली, घरात लाईटीशी असले प्रयोग नकोत. माझ्याकडे रबरी हातमोजे आहेत, पायाखाली लाकडी पाट घेईन, बोर्डात शॉकपासून वाचवणारी ईएलसीबी पण आहे. एवढं पुरेल का?

बीड_बास

फझचं आधी सांगतो. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा लीकेज करंट दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी बसलास तर ते ट्रान्झिस्टर सकाळचे राहतच नाहीत. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट असायला हवेत, पीएनपी असल्यामुळे उणे साडेचार. तिथल्या ८.२ के च्या रेझिस्टरच्या जागी १० के चा ट्रिमपॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर टाक, दुपारी तापलेलं असतानाच मीटर लावून सेट कर.

ट्यूबचं म्हणशील तर १२एयू७ ही ट्यूब आण आणि बारा व्होल्टवरच चालव. प्लेटलाही बारा, हीटरलाही बारा. स्वच्छ आवाज मिळणार नाही, पण मऊसर ओव्हरड्राइव्ह छान येतो. हीटर १५० मिलिअँपिअर खातो, त्यामुळे नऊ व्होल्टच्या बॅटरीचा नाद सोड.

जुना_मेकॅनिक_नांदेड

बाळा, ते बिनट्रान्सफॉर्मरचं सर्किट आधी बाजूला टाक. बाकीचं त्यानंतर.

गिटारच्या तारा, त्या टेकतात त्या गिटारच्या ब्रिजखालून एका वायरीने जॅकच्या बाहेरच्या भागाला जोडलेल्या असतात. तो भाग केबलच्या जाळीला आणि जाळी पेडलच्या ग्राउंडला. म्हणजे पेडलचं ग्राउंड डब्यात बंद नसतं, वाजवणाऱ्याच्या बोटाखाली असतं. जुने एसी-डीसी रेडिओ आणि कितीतरी टीव्ही थेट लाईनवर चालायचे, आतली लोखंडी चासी 'गरम', म्हणजे लाईनलाच जोडलेली असायची. पण त्यांना लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा डबा असायचा, नॉब प्लास्टिकचे, घरातल्या माणसाचा हात चासीला लागायचाच नाही. आम्ही दुकानात असा सेट उघडायचो तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर लावूनच. गिटारमध्ये तर माणसाने तार धरायचीच असते.

तुझ्या मनात येईल, पिन बघून घातली तर ग्राउंड न्यूट्रलला राहील की. चार डायोडच्या ब्रिजला ते लागू होत नाही. ब्रिजची निगेटिव्ह बाजू प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागात फेजला जोडलेली असते, पिन सरळ घाल नाहीतर उलटी. तू तार धरलेली आणि शेजारी ओला कूलर असला तर पुढचं सांगायला नको.

आता ईएलसीबी. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक बघते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तुटते. लाईनवरून तुझ्या अंगातून जमिनीत करंट गेला तर ती कामाची. पण ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, एक हात प्लेटच्या पिनवर आणि दुसरा चासीवर असा पडला तर करंट सेकंडरीतच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूच्या गुंडाळीतच फिरतो, तिला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी तर वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. हातमोज्यांचंही तसंच. भांडी घासायच्या मोज्याला कुठे बारीक भोक पडलंय ते दिसत नाही, आणि मोजे आहेत म्हणून तू दोन्ही हात आत घालशील. त्यापेक्षा मोजे नकोत आणि चालू सर्किटात एकच हात. दुसरा खिशात. हाय व्होल्टेजच्या कामात करंट एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जाऊ द्यायचा नाही, हे सगळ्यात आधी.

मग ट्यूबचं पेडल करायचंच नाही का? कर की. पण २३० व्होल्ट डब्यात आणू नको. चांगल्या कंपनीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घे, तो बाहेर भिंतीवर राहील आणि मेन लाईनपासून तुला वेगळं तोच करेल. आत ५५५ टायमर आयसी आणि आयआरएफ७४० मॉस्फेटवर छोटा बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट चढवणारं सर्किट कर, आकडे दाखवणाऱ्या निक्सी ट्यूबच्या घड्याळांत वापरतात तोच. १२ चे २०० ते २५० व्होल्ट आरामात होतात आणि १२एएक्स७ ला मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअरच लागतात. हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर, थेट त्याच १२ व्होल्टवर.

यातही अडीचशे व्होल्ट आहेतच, हे विसरू नको. फरक साठ्यात आहे. तुझ्या सर्किटातला ४७ मायक्रोफॅरड ३२५ व्होल्टवर अडीच ज्यूल धरून बसतो. इथे १० मायक्रोफॅरड पुरतो, २५० वर तो ज्यूलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही होत नाही. तरी झटका जोरात बसतो आणि हात मागे जाऊन दुसरीकडे आपटतो.

झिरो पीसीबीवर, म्हणजे तयार भोकांच्या कोऱ्या बोर्डावर करणार असशील तर हाय व्होल्टेजची लाईन आणि ग्राउंड यांच्यामध्ये दोन भोकं मोकळी सोड, फ्लक्स थिनरने पुसून काढ. पाव वॉटचे रेझिस्टर बहुतेक २५० व्होल्टपर्यंतचेच असतात, तिथे एक वॉटचे वापर. आणि प्लेटवरून आऊटपुटकडे जाणारा कपॅसिटर ६३० व्होल्टचा फिल्मच घे. तो फुटला तर प्लेटचे व्होल्ट थेट पुढच्या पेडलमध्ये जातात. आऊटपुटवर एक मेगा ओहम ग्राउंडला टाकून ठेव.

जालना_साऊंड

मी मंडप आणि साऊंडच्या कामात आहे. काकांनी ग्राउंडचं बरोबर सांगितलं, त्याला माझी जोड. तुझं पेडल १२ व्होल्टचं झालं तरी केबलने ते अँपला जोडलेलंच राहणार. अँपचं अर्थ गेलं तर गिटारच्या तारा तरंगत्या, म्हणजे जमिनीशी न जोडलेल्या, आणि अँपमध्ये आत काही बिघडलं तर त्या तारांवर काय येईल सांगता येत नाही.

आपल्या भागात अर्थिंग हा उन्हाळ्याचा प्रश्न आहे. काळी जमीन भेगाळली, खड्ड्यातलं मीठ-कोळसा सुकलं, की पावसाळ्यात बरं असलेलं अर्थिंग मार्च-एप्रिलमध्ये नावापुरतं राहतं. खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं. मीटरने फेज ते अर्थ २३० दाखवले म्हणून समाधान मानू नको, मीटर करंटच ओढत नाही, त्यामुळे खराब अर्थवरही आकडा पूर्ण येतो. वायरमनला बोलावून लोड टाकून तपासून घे.

त्याहून वाईट एक प्रकार गावोगाव दिसतो, सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून तुकडा मारून अर्थच्या पिनला जोडलेला असतो. मागे कुठे न्यूट्रल तुटला की अर्थ लावलेला प्रत्येक डबा फेजवर. एका गावात ऑर्केस्ट्राला असंच एक्स्टेंशन आमच्या हातात आलं होतं, गिटारवाल्याचा ओठ माईकला लागला आणि तो मागे फेकला गेला. वाचला. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सीत स्टोन द क्रोज बँडचा लेस्ली हार्वी स्टेजवर माईकला हात लावताना शॉक बसूनच गेला. आता मी कार्यक्रमाआधी गिटारची तार आणि माईकची जाळी यांच्यात मीटर लावतो, एसीवर. काही व्होल्टच्या वर दिसले तर बोर्ड बदलेपर्यंत कुणाला वाजवू देत नाही.

लातूर_फझ

काका, दादा, मनापासून आभार. ते सर्किट रद्द. बूस्ट कन्व्हर्टरच करतो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बंद केल्यावर किती वेळ थांबून हात लावायचा? आमचे लॅबमधले एक जण स्क्रू ड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करायचे, तसं चालतं का? आणि टेस्टर लावून बघितलं तर?

जुना_मेकॅनिक_नांदेड

स्क्रू ड्रायव्हर नको. ठिणगी उडते, कपॅसिटरचे पाय जळतात, तो आतून मार खातो आणि डोळे जवळ असतात. १० के, ५ वॉटचा रेझिस्टर घे, दोन्ही टोकांना जाड इन्सुलेशनची वायर आणि मगर क्लिप लाव, उघडं धातू दिसेल तिथे स्लीव्ह चढव. तो कायम टेबलावर असू दे.

टेस्टरवर या कामात विसंबायचं नाही. त्याचा दिवा तुझ्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या करंटवर लागतो. कोरड्या चपलेत, पाटावर उभा राहिलास तर अडीचशे व्होल्ट डीसीवरही तो विझलेलाच दिसेल.

कपॅसिटरला समांतर २२० के, एक वॉटचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर चार्ज उतरवणारा रेझिस्टर, कायमचा सोल्डर कर. १० मायक्रोफॅरडबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट २.२ सेकंद, म्हणजे अकरा सेकंदांत अडीचशेचे दोन व्होल्टच्या खाली. पण ब्लीडरचा टाका सुटलेला असू शकतो, म्हणून वेळ मोजून हात घालायचा नाही, मीटर बघून घालायचा. अडॅप्टर भिंतीतून काढ. मीटरची काळी क्लिप चासीला अडकव, मीटर १००० व्होल्ट डीसीवर, एका हाताने लाल प्रोब कपॅसिटरच्या पॉझिटिव्हवर. आकडा पडताना दिसतो, अडीचशे, नव्वद, तीस, आठ. मग १० के ची क्लिप लावून ठेव आणि काम होईपर्यंत काढू नको. ती काढलीस तर थोड्या वेळाने तोच कपॅसिटर शून्यावरून परत काही व्होल्ट दाखवतो, डायलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे आतल्या इन्सुलेशनच्या थरात मुरलेला चार्ज वर येतो. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये हे जास्त होतं.

मीटरच्या प्रोबच्या वायरी बघून घे. स्वस्त पिवळ्या मीटरवर १००० लिहिलेलं असतं, पण वायर केसासारखी आणि प्लगपाशी तुटलेली. निदान प्रोब तरी चांगले घे. पहिल्यांदा चालू करशील तेव्हा व्हॉल्व्ह न बसवता आधी हाय व्होल्टेज मोज, मग बंद, डिस्चार्ज, मग व्हॉल्व्ह. १ आणि ६ नंबरची पिन प्लेटची, सॉकेटखाली बोट नेताना ती जागा पाठ असू दे. घरात कुणीतरी जागं असताना काम कर आणि मेन स्विच कुठला ते आईला दाखवून ठेव. ती नको म्हणाली त्यात चूक काही नव्हती.

लातूर_फझ

दाखवतो आजच. १० मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट इथं मिळंना, सगळे २५ आणि ५० व्होल्टचेच दाखवायलेत. जुन्या सीएफएलच्या बुडातून काढू का? त्यात ४०० व्होल्टचे असतात.

जुना_मेकॅनिक_नांदेड

असतात, पण बल्बच्या उष्णतेने सुकलेले. नवेच आण. तुला हैदराबाद सोयीचं, कोठीला गुजराती गल्लीत मिळतील. कुणी पुण्याला जात असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी. ४०० नसतील तर ४५० चे चालतात, ३५० च्या खाली उतरू नको. चार-पाच जास्तीचे घे, आणि बसवताना अंगावरची पट्टी बघ, ती बाजू निगेटिव्ह.