शब्दचर्चा: 'संपीडित हवा' की 'दाबाची हवा'? आणि कार्यक्षमता म्हणजे कशाची?

शब्दवेडी
एक लेख मराठीत करतेय. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा तिच्यावर कॉम्प्रेसर चालवून हवा जमिनीखाली कोंबायची आणि मागणी वाढली की तीच हवा टर्बाइनवर सोडून वीज परत मिळवायची, असा विषय आहे. मी 'संपीडित वायू ऊर्जा संचयन प्रणालीची किफायतशीरता' असं लिहिलं आणि मलाच ते वाचवेना. काय करू?

फिटर
संपीडित वाचून हवेला सासुरवास चाललाय की काय असं वाटलं. आमच्या कॉम्प्रेसर रूममध्ये हा शब्द एकदाही ऐकला नाही. 'लाइनला हवा नाही', 'हवा सहा बारवर आली', एवढंच. दाबाची हवा म्हणा.

जुनी पोथी
पीड् धातूचा मूळ अर्थ दाबणे, पिळणे असाच आहे. छळ मागाहून आला. पण पूरपीडित, अत्याचारपीडित रोज वाचणाऱ्याला व्युत्पत्ती सांगून उपयोग नाही. 'दाबाची हवा' चांगलं आहे. फक्त 'दबाव' नको. हवेचा दाब असतो, दबाव मंत्र्यांवर येतो. आणि 'वायू' तर अजिबात नको. या प्रकल्पांत नैसर्गिक वायूही जळतो, मग कुठला वायू साठवला आणि कुठला जाळला हे वाचकाला कळायचं नाही.

शब्दवेडी
हवा साठवायची आणि गॅस जाळायचा? का?

फिटर
सायकलचा पंप भराभर मारा आणि त्याच्या बुडाला बोट लावून बघा. हवा दाबली की तापते. आम्ही ती उष्णता हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाण्यात सोडून देतो. जर्मनीतल्या हुंटॉर्फला १९७८ पासून असं केंद्र आहे, तिथेही हवा गार करूनच खाली भरतात. ती वर येऊन टर्बाइनमध्ये पसरते तेव्हा इतकी गार पडते की यंत्र गोठेल, म्हणून आधी गॅस जाळून तापवावी लागते. म्हणजे फुकट आलेली उष्णता टाकली आणि विकतची आणली.

उसाचं कांडं
म्हणूनच नुसतं 'कार्यक्षमता' लिहू नका, कशाची ते सांगा. आमच्याकडे कारखान्याचा 'उतारा' विचारतात: शंभर किलो उसामागे साखर किती? तसा विजेचा उतारा काढा. हुंटॉर्फला १ युनिट वीज मिळवायला साधारण ०.८ युनिट वीज आणि १.६ युनिटांइतका गॅस लागतो. गॅस मोजलाच नाही तर उतारा सव्वाशे टक्के! मोजला की ४२ वर येतो. अमेरिकेत अलाबामातल्या मॅकिंटॉशला १९९१ साली टर्बाइनच्या गरम धुरावरच आत येणारी हवा तापवायची सोय केली. गॅस वाचला, आकडा ५४ च्या आसपास गेला.

शब्दवेडी
'उतारा' सुंदर आहे, पण माझा पुण्याचा वाचक सातबारा काढायला धावेल.

जुनी पोथी
किंवा लिंबू-मिरच्या घेऊन चौकात. कंसात एकदा कार्यक्षमता लिहा, पुढे बिनधास्त उतारा वापरा. 'दक्षता' मात्र नको, मराठीत ती लाच पकडणाऱ्या खात्याची.

शब्दवेडी
हवा ठेवतात त्या जागेला मी 'लवणगुहा' लिहिलंय.

जुनी पोथी
गुहा आपोआप झालेली असते. इथे मिठाच्या थरात पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि पोकळी मुद्दाम करतात. आपल्याकडे याला शब्द आहे: पेव. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, वरून अरुंद तोंड, आत पोट मोठं. मिठातलं पेव! माझ्या आजोळच्या वाड्यात होतं. झाकण काढल्यावर लगेच कुणाला उतरू देत नसत, आतली कोंडलेली हवा माणूस मारते म्हणून. 'पेव फुटलं' मात्र या लेखात लिहू नका.

फिटर
खर्चाची गोम त्या पेवातच आहे. मीठ विरघळवणं स्वस्त, आणि मीठ स्वतःच हवा धरून ठेवतं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ फोडून तेवढी पोकळी करायची तर हिशेबच बदलतो. आपल्याकडे डोंगर आणि पाणी, म्हणून घाटघरच्या वीजकेंद्रात साठवणुकीसाठी पाणीच वर चढवतात.

जुनी पोथी
आणि त्याला 'उदंचन' हा संस्कृत शब्द दिला, तो रुळलाही! पीडा आठवली नसती तर 'संपीडन'ही रुळलं असतं कदाचित.

शब्दवेडी
शेवटची अडचण. चीनमध्ये झांगजियाकोऊला २०२२ साली १०० मेगावॅटचं केंद्र जोडलं, गॅस न जाळणारं. दाबताना निघालेली उष्णता वेगळी साठवून परत हवेला देतात. रचनेनुसार उतारा ७०.४ टक्के सांगतात. या प्रकाराला हिंदीत 'रुद्धोष्म' म्हणतात. घेऊ?

उसाचं कांडं
शब्द डौलदार आहे, पण 'उष्णता राखणारी पद्धत' लिहा. आणि 'किफायतशीरता' काढा. उष्णता राखायला टाक्या लागतात, ती हवेतून काढून परत देणारे हीट एक्स्चेंजर लागतात. म्हणजे उतारा वाढतो तसा उभारणीचा खर्चही वाढतो, रोजचा गॅसचा खर्च मात्र वाचतो. एकाच शब्दात दोन्ही खर्च कोंबलेत तुम्ही.

शब्दवेडी
बरं. 'दाबाच्या हवेत वीज साठवताना उतारा कसा वाढवायचा आणि उभारणी स्वस्त कशी करायची'. चालेल?

फिटर
वीज हवेत साठत नाही हो. पण चालेल.