सल्ला हवा: कम्युनिटी रेडिओवर लेखकांच्या मुलाखती, दोन माणसांसाठी माइक (बजेट १५,०००)

रानजाई
आमच्या कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर पुस्तकांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू होतोय. एक लेखक, त्यांचं एक पुस्तक, २८ मिनिटं. त्यातली दोन-तीन मिनिटं लेखक स्वतः उतारा वाचणार. स्टुडिओ बहुतेक वेळा अडकलेला असतो, त्यामुळे निम्म्या मुलाखती लेखकाच्या घरी जाऊन कराव्या लागतील. बजेट १५,०००, सगळं धरून. जुना लॅपटॉप आहे, त्यावर ऑडॅसिटी (आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर) चालतं. काय घ्यावं? आणि वाचन घेताना काय सांभाळायचं?

घुमट
दोन शुअर एसएम५८ घ्या आणि विषय संपवा. १९६६ पासून तोच माइक चालतोय, पडला तरी काही होत नाही. डायनॅमिक आहे, फँटम पॉवर (केबलमधून माइकला द्यायची वीज) लागत नाही, समोरचंच ऐकतो. त्याला दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकच्या) केबल, दोन स्टँड, एक इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी). झालं.

रानजाई
घुमट, दोन माइकमध्येच बजेट उडालं की!

घुमट
चांगली वस्तू एकदाच घ्यावी. बजेट पुढच्या वर्षीही येईल.

कोरा कागद
लॅपटॉप घेऊन लेखकाच्या घरी जाऊ नका. त्याचा पंखा घुमतो, अपडेट नेमकं तेव्हाच सुरू होतं, आणि घरचा प्लग अर्थिंगचा नसेल तर हम (सततची घूं) येतो. हातातला रेकॉर्डर घ्या, दोन एक्सएलआर इनपुटवाला. झूम एच५ किंवा त्या जातीचा. थोडं बजेट वाढवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला (आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने) लावून ठेवा, म्हणजे क्वालिटीची काळजीच नको.

साडेसाती
९६ कशाला? एफएमवर आवाज जेमतेम १५ किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यावर १९ ला स्टिरिओचा पायलट (खुणेचा सूर) बसलेला असतो. नमुन्यांच्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचा आवाज पकडला जातो, म्हणून ४८ पुरे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ वेव्ह (न दाबलेली फाइल) म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ९६ ला दुप्पट, आणि जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी रांगत चालेल.

कोरा कागद
पुढे पॉडकास्ट करायचं ठरलं तर?

साडेसाती
तरीही ४८. माणूस बोलतोय, वटवाघूळ नाही.

बोरूबहाद्दर
एसएम५८ ला +१.

दीपमाळ
माइकवर इतकी चर्चा, खोलीबद्दल कोणीच नाही. मराठी लेखकाच्या दिवाणखान्यात साधारण काय असतं: चकचकीत फरशी, काचेचं पुस्तकांचं कपाट, डोक्यावर पंखा. अशा खोलीत महागडा कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) लावलात तर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील. मुलाखत बेडरूममध्ये घ्या. गादी, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट, सगळं आवाज खातं. पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला. (निघताना फ्रीज परत लावायला विसरू नये म्हणून स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. जुनी युक्ती आहे.) निघण्याआधी कोणीही न बोलता ३० सेकंद खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. खोकला किंवा अडखळणं कापल्यावर तिथे हाच तुकडा भरायचा असतो, नाहीतर प्रत्येक कट कानाला खड्ड्यासारखा लागतो.

लेव्हल: सगळ्यात मोठं हसू उणे १२ डीबीच्या आसपास पोचलं पाहिजे. शून्याला टेकलं की फाटलेला आवाज शिवता येत नाही.

घुमट
दीपमाळताईंनी माझंच म्हणणं सांगितलं. कंडेन्सर नको, डायनॅमिक.

ओवीबद्ध
अवांतर: हल्ली मुलाखतकारच जास्त बोलतो. आकाशवाणीवर पूर्वी प्रश्न एका ओळीचा असे आणि उत्तर पाच मिनिटांचं.

साडेसाती
त्या पाच मिनिटांत श्रोता झोपेही.

ओवीबद्ध
झोपणारा श्रोता पुस्तकही वाचत नाही.

शाईचा डाग
धाग्यावर या मंडळी. रानजाई, १५ हजारांत बसणारं सांगतो. दोन बेरिंजर एक्सएम८५००, घडण एसएम५८ सारखीच. दोन माइक प्रीअँपवाला (माइकचा आवाज वाढवणारा) साधा इंटरफेस, दोन टेबलस्टँड, दोन केबल, दोन फोमच्या टोप्या. दुकानं फिरलात तर बजेटच्या आत-बाहेर कुठेतरी जमेल. डायनॅमिक माइकचा आवाज मुळात क्षीण, ५५-६० डीबी गेन (वाढ) लागतो. स्वस्त इंटरफेसचा गेन शेवटपर्यंत फिरवला की मागे सुसाट वारा ऐकू येतो. उपाय एकच, माइक तोंडापासून चार बोटांवर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' चा फटका बसत नाही. दोन माइकमधलं अंतर हे तोंड-माइक अंतराच्या निदान तिप्पट ठेवा.

बोरूबहाद्दर
फटका तर एसएम५८ मध्येही बसतो. तरी +१.

पानफुटी
वाचनाबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. लेखकाला मूळ पुस्तकातून वाचू देऊ नका. बांधणीमुळे पान मिटतं, लेखक मान खाली घालतो आणि आवाज माइकच्या खालून निघून जातो. उताऱ्याची पानं आधी ए४ वर मोठी करून झेरॉक्स काढा, पाठकोरी, पिन न मारलेली. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. कागद हनुवटीच्या उंचीला, माइकच्या मागे. मराठी गद्य निवांत वाचलं तर मिनिटाला १२० ते १३० शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांना २५० शब्दांचा उतारा. लेखक चार पानं निवडून आणतात, तेव्हा हा हिशेब आधीच सांगून ठेवा. संवाद असलेला उतारा निवडलात तर कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याला दिसत नाही. वर्णन किंवा एकाच पात्राचं बोलणं बरं.

आणि चहा नंतर. दुधाच्या चहानं तोंड चिकट होतं, प्रत्येक वाक्याआधी 'च्यक्' येतो. कोमट पाणी ठेवा.

दीपमाळ
पानफुटीला अनुमोदन. शिवाय 'स' आणि 'श' तपासा. एफएम ट्रान्समिशनमध्ये वरची पट्टी आधी उचलून पाठवतात. त्यामुळे हेडफोनवर ठीक वाटलेला 'स' लिमिटरला (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेला) धडकून हवेत चिरका होऊ शकतो. डी-एसर ('स'चा चिरका कमी करणारा इफेक्ट) हलकाच लावा.

कलमनामा
परवानगीचं बघा. समीक्षेच्या ओघात छोटा उतारा वाचायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे, पण 'छोटा' म्हणजे किती हे तिथे लिहिलेलं नाही. हक्क करारानं प्रकाशकाकडे गेलेले असतील तर लेखक समोर बसून 'हो' म्हणाला तरी पुरेसं नाही. दोघांकडून एका ओळीचं ईमेल घ्या: कोणता उतारा, रेडिओ आणि नंतर इंटरनेट दोन्हींसाठी. लेखक हयात नसेल तर मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं झालं.

ओवीबद्ध
दोन मिनिटांच्या वाचनाला ईमेल? अवघड आहे.

कलमनामा
ईमेल लिहायलाही दोनच मिनिटं लागतात.

रानजाई
सगळ्यांचे आभार. झेरॉक्स, फ्रीज आणि ईमेल हे तिन्ही उचललं. माइकचं मात्र वेगळं ठरवतेय. दोन बोया बीवाय-एम१ कॉलर माइक, दोन फोनवर वेगवेगळं रेकॉर्डिंग. फोन आहेतच. समोर दांडा दिसला की बुजुर्ग लेखक भाषण सुरू करतात, कॉलरला माइक लावला की गप्पा मारतात. उरलेल्या पैशात जाड गोधड्या आणि एक बरा हेडफोन.

घुमट
😐

साडेसाती
नको. दोन फोनची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. अर्ध्या तासात ३०-४० मिलिसेकंद सरकली तरी पुरे, कारण तो माइक ओमनी (चहूबाजूंचं ऐकणारा) आहे, लेखकाच्या माइकमध्ये तुमचाही आवाज जाणार. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की विहिरीतून बोलल्यासारखं.

रानजाई
सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवणार. दोन टाळ्यांमधलं अंतर बघून ऑडॅसिटीत एका ट्रॅकचा स्पीड जुळवेन. जो बोलत नाही त्याचा ट्रॅक त्या वेळी बंद. २८ मिनिटांना जमेल.

शाईचा डाग
हट्टच आहे तर निदान हे करा. बीवाय-एम१ च्या डबीवरचं बटण फोनसाठी 'ऑफ/स्मार्टफोन'वर हवं. 'कॅमेरा'वरचं काम आतल्या एलआर४४ सेलवर चालतं. फोनला ३.५ मिमीचं भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर माइक चालणाराच घ्या, काही नुसते हेडफोनचे असतात. मग फोन निमूट स्वतःच्याच माइकनं रेकॉर्ड करतो आणि ते घरी गेल्यावर कळतं. तपासायला कॉलरच्या माइकवर नखानं टकटक करा, हेडफोनवर जोरात ऐकू आली पाहिजे. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर. माइक शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी, साडी असेल तर पदराच्या विरुद्ध बाजूला, मंगळसूत्रापासून लांब. फाइल व्हॉट्सॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

बोरूबहाद्दर
एसएम५८ घेतला असता तर यातलं काही लागलं नसतं.