बालेनोचं इंजिन टाकल्यापासून जिप्सीचे हेडर्स लालभडक, कापड गुंडाळू का?

रात्रीचा घाट
नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग १९९८, कार्बोरेटरवाली १३००. जुनं इंजिन धूर मारायला लागलेलं, बोअर करून परत तेच घालण्यापेक्षा एका ठोकलेल्या बालेनोचं १६०० (जी१६बी) ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगसकट बऱ्या भावात मिळालं म्हणून तेच टाकलं. काम गावातल्याच मिस्त्रीने केलं, गिअरबॉक्स जिप्सीचाच, हेडर्स (इंजिनातून जळका गॅस बाहेर नेणारे पाइप) बनवून घेतले स्टेनलेसचे, ४-२-१ (चार पाइपांचे दोन, दोनाचा एक), पत्रा दीड एमएम.

आता प्रॉब्लेम असा की रात्री लाइट बंद करून बघितलं तर नुसती आयडलवर दहा मिनिटं उभी असली तरी चारही पाइप पोर्टपासून वीतभर लाल. परवा चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात बॉनेटमधून रंग जळल्याचा वास यायला लागला, वर पोचून उघडतो तर ओटू सेन्सरची (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) वायर वितळून पाइपला चिकटलेली. आणि गंमत म्हणजे टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या खालीच, पाण्याचा थेंब कमी नाही. पिकअप म्हणाल तर १६०० टाकलंय असं अजिबात वाटत नाही, जुनी १३०० बरी होती.

मिस्त्री म्हणतो स्टेनलेस आहे, लाल होणारच, वरून हीटचं कापड गुंडाळा. गुंडाळू का?

बत्तीवाला
रेडिएटर जुनाच ठेवलाय का? १६०० ला तो पुरणार नाही, मोठा बसवा आणि पुढून एक इलेक्ट्रिक फॅन लावा.

पाना पक्कड
बत्तीवाले, काटा अर्ध्याच्या खाली आहे म्हणतायत ना ते, मग रेडिएटरने काय होणार. पाणी गरम होणं वेगळं आणि हेडर लाल होणं वेगळं.

मालक, पातळ पत्र्याचा हेडर पूर्ण लोडवर घाट चढताना अंधारात थोडा लालसर दिसला तर त्यात काही नवल नाही. पण आयडलवर लाल म्हणजे नक्की काहीतरी चुकतंय. आणि चारही सारखे लाल आहेत हे तुम्ही सांगितलंत ते फार कामाचं आहे. एकच पाइप वेगळा दिसला असता तर म्हटलं असतं इंजेक्टर बघा, प्लग बघा. चारही म्हणजे दोष सगळ्यांना मिळून आहे, म्हणजे टायमिंग नाहीतर मिक्श्चर. पिकअप नाही म्हणता, तर माझा पहिला संशय टायमिंगवर.

स्पार्क उशिरा पडला की पेट्रोल पिस्टन ढकलायच्या वेळी पूर्ण जळत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा अजून जळतच असतं. जी ताकद चाकाला जायची ती गर्मी होऊन पाइपात जाते. त्यात आयडलवर आरपीएम पडू नये म्हणून ईसीएम अजून हवा सोडतो, मग अजून गॅस, अजून गर्मी.

मिस्त्रीने टायमिंग कसं लावलं? कानाने लावलं असेल तर ते विसरा. कार्बोरेटरच्या गाडीत कान चालायचा, इथे ईसीएम सारखं टायमिंग हलवत असतो. आधी इंजिन गरम करा, मग डायग्नोसिसच्या कपलरमध्ये टेस्ट स्विचचं टर्मिनल ग्राउंडला जंपर करा, म्हणजे ईसीएम टायमिंग एका जागी धरून ठेवतो. मग एक नंबरच्या वायरवर टायमिंग लाइट लावून क्रँक पुलीवर बघा. टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी ५ डिग्रीच्या आसपास यायला पाहिजे. कमीजास्त असेल तर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर असतो (काहींमध्ये त्याच जागी नुसतं सेन्सरचं घर असतं, तुमच्यात जे असेल ते), त्याचे बोल्ट ढिले करून फिरवायचं. काय येतं ते इथे टाका. जमलं तर हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेजपण लावा.

ओला फिल्टर
कापडाबद्दल माझा अनुभव सांगतो, मी देवगडचा, खारी हवा. माइल्ड स्टीलच्या हेडरला गुंडाळलं होतं, पावसाळ्यात ते पाणी पिऊन बसलं आणि दुसऱ्या वर्षी कापड सोडलं तर पाइप पापडासारखा हातात आला. तुमचं स्टेनलेस आहे म्हणजे गंज कमी, पण आधीच लाल होणाऱ्या पाइपला गोधडी पांघरली तर तो आतून अजून तापणार, मग वेल्डिंगपाशी चिरा. आधी दुखणं शोधा. वायर आणि बॉनेट वाचवायचं असेल तर अंतर ठेवून पत्र्याची शील्ड लावा.

आणि इन्फ्रारेड गन आणून मोजत बसू नका, चकचकीत स्टेनलेसवर ती भलतंच कमी दाखवते. मी त्या गनवर विश्वास ठेवून दोन महिने घालवलेत.

रात्रीचा घाट
पाना दादा, रविवारी लाइट मागून आणली. जंपर केल्यावर टीडीसीनंतर १० च्या पुढे!! आधी नाही, नंतर. मागचा डिस्ट्रिब्युटरचा डबा पूर्ण ॲडव्हान्सला (स्पार्क लवकर पडेल असा) फिरवला, बोल्टची खाच संपली, तरी टीडीसीनंतर २-३ वरच अडकलंय. व्हॅक्यूम १४ इंच, काटा हलत नाही, स्थिर आहे. मिस्त्री म्हणतो खाच ग्राइंडरने वाढवू.

पाना पक्कड
ग्राइंडर आधी लपवून ठेवा.

खाच संपूनही टायमिंग येत नाही म्हणजे डब्याचा दोष नाही, टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा दातेरी पट्टा) एक दात चुकलाय. हा डबा कॅमवरून फिरतो, कॅम मागे राहिला की स्पार्कपण त्याच्याबरोबर मागे राहतो. एक दात म्हणजे क्रँकच्या हिशेबाने साधारण पंधरा ते वीस डिग्री, तुमचा आकडा बरोबर त्यातच बसतो. व्हॅक्यूम १८ ते २० पाहिजे होता, १४ वर स्थिर म्हणजे व्हॉल्व्हच उशिरा उघडतायत. खाच वाढवली असती तर स्पार्क जागेवर आला असता, लाइटवर सगळं छान दिसलं असतं आणि व्हॉल्व्ह तसेच चुकलेले राहिले असते. मग तुम्ही वर्षभर पेट्रोल पंपाला शिव्या देत बसला असता.

कव्हर काढा, कॅमच्या चक्रावरची खूण आणि खाली क्रँकच्या दात्याच्या चक्रावरची खूण दोन्ही मॅन्युअलप्रमाणे जुळवा. बाहेरच्या पुलीच्या खुणेवर बेल्ट बसवायचा नाही, बरेच जण तिथेच फसतात. टेन्शनर ताणल्यावर हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत बघा, कारण टेन्शनर ताणतानाच दात सरकतो. बेल्ट नवीनच घाला, ठोकलेल्या गाडीतला कोण कधीचा माहीत नाही.

रात्रीचा घाट
झालं!! एक दातच होता. नवीन बेल्ट, टेन्शनर, ओटू सेन्सर. आता जंपरवर बरोबर ५, व्हॅक्यूम १९. आयडलवर अर्धा तास ठेवली, अंधारात पाइप काळाच. पिकअप तर विचारू नका, बायको म्हणाली हळू चालवा. मिस्त्री गप्प आहे, पण बेल्टची मजुरी घेतली नाही त्याने, तेवढं बरं.

काल मुद्दाम रात्री कुंभार्ली चढलो. वर थांबल्या थांबल्या पोर्टपाशी अगदी मंद लाली होती, मिनिटभरात गेली. हे चालतं ना? आणि चढाच्या वळणांवर दोनदा गाडीने झटका दिला, टाकीत पेट्रोल पाव होतं.

पाना पक्कड
तेवढी लाली चालते. झटका मात्र सोडू नका. तुमची टाकी कार्बोरेटरच्या गाडीची, चढावर पेट्रोल मागे सरकलं की पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असायचा म्हणून कळायचं नाही, इंजेक्शनला क्षणभरही प्रेशर पडलं तर मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि परत तीच गर्मी. पंपाआधी छोटी सर्ज टाकी (कायम भरलेली मधली टाकी, म्हणजे पंप हवा ओढत नाही) बसवा, तोवर घाटात अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ नका. लोडवर इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलचं प्रेशर किती राहतं तेही गेज लावून बघा.

बत्तीवाला
रेडिएटरचं मागे घेतो 😄 पण आरसीवर इंजिन नंबर बदलून घेतलात का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं हे, आणि परवानगी खरं तर आधी घ्यायची असते.

रात्रीचा घाट
बिल आणि जुन्या गाडीची कागदपत्रं आहेत, बाकी काही केलेलं नाही. सोमवारी रत्नागिरीला जाऊन विचारतो. सर्ज टाकी दोन लिटरची पुरेल का?

पाना पक्कड
एक लिटरपण पुरेल. ती हेडरपासून लांब बसवा म्हणजे झालं.