मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या कोल बेटावर, मेंढ्यांच्या फार्मवर कुत्र्याला घेऊन जायचंय, मे महिना चालेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात. आम्ही लीड्सला राहतो, मी, नवरा आणि आमचा शेरू. शेरू अस्सल गावठी आहे, पुण्यात सोसायटीच्या गेटपाशी सापडला तेव्हापासून आमचा, आणि इकडे आलो तेव्हा त्याचं रेबीजचं इंजेक्शन, मग इंजेक्शन लागू पडलंय का हे बघणारी रक्ताची टायटर टेस्ट, मग तीन महिने थांबणं असं सगळं रीतसर करून त्याला घेऊन आलो. माणसांशी इतका प्रेमळ की पोस्टमनसुद्धा त्याला हाक मारून जातो. पण पळणारं काही दिसलं की कान टवकारतो आणि मग हाका मारून उपयोग नाही. खारी, ससे, मांजरं सगळं त्यात आलं. मेंढ्या त्याने आजवर गाडीच्या खिडकीतून बघितल्यात तेवढ्याच.

एप्रिलच्या मध्याला आई येतेय, व्हिजिटर व्हिसा आहे त्यामुळे सहा महिने राहू शकेल. तिला लंडन वगैरे नकोय. तिचं माहेर हर्णैचं, म्हणाली मला समुद्र दाखव आणि चार दिवस कुणी घाई करणारं नको. नवऱ्याने कोल नावाचं बेट शोधलंय, इनर हेब्रिडीजमधलं, ओबानहून फेरीने जायचं. तिथे एका फार्मवर कॉटेज आहे, मालकांच्या मेंढ्या आणि गाई आहेत, कुत्रा चालेल असं स्पष्ट लिहिलंय. मेचा पहिला आठवडा मोकळा आहे. पैसे अजून भरले नाहीयेत.

आता वाचतेय तर कळतंय की तेव्हा तिथे लॅम्बिंग चालू असतं, म्हणजे सगळीकडे नुकती जन्मलेली कोकरं. तर शेरूला न्यावं की नाही? केनेलमध्ये ठेवायचं मन होत नाही, मागे भारतात गेलो तेव्हा ठेवला होता तर परत आल्यावर कितीतरी दिवस नीट जेवला नाही आणि रात्री दारापाशीच झोपायचा. आणि फेरीवर कुत्र्याला कुठे बसवतात, बोट लागते का कुत्र्यांना, आईच्या गुडघ्यांना जिने झेपतील का, तिथे डॉक्टर नसेल तर काय, हे सगळंच विचारायचंय. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज लिहा.

ग्लासगोकर

फेरीचं मी सांगतो. कॅलमॅक या फेरी कंपनीच्या बोटी आहेत, कुत्र्याचं तिकीट लागत नाही. ओबान ते कोल साधारण पावणेतीन तास, तीच बोट पुढे टायरी बेटाला जाते. कुत्र्याला तुमच्याबरोबर वर आणता येतं, लीशवर ठेवून, ठरलेल्या पेट एरियात किंवा बाहेरच्या डेकवर. गाडीत ठेवलंत तरी चालतं पण मग प्रवासभर तुम्हाला कारडेकवर जाता येत नाही, तो खाली एकटा, इंजिनाचा आवाज, इतर गाड्यांचे अलार्म वाजत असतात. शेरूसारख्याला वरच आणा. आणि स्वतःच्या गाडीचा अलार्मचा सेन्सर बंद करून जा, बोट हलली की तो वाजतो.

पहिला अर्धा प्रवास मल (Mull) बेटाच्या सामुद्रधुनीतून, दोन्ही बाजूंना जमीन, त्यामुळे पाणी बहुतेक शांत. टोबरमोरीची रंगीत घरं दिसतात डावीकडे, आईंना आवडेल. अर्ड्नामुर्कनचं टोक मागे पडलं की मात्र उघडा समुद्र, तिथून पुढे वारा असेल तर बोट चांगली डोलते. हर्णैच्या माणसाला काय वाटायचं नाही पण कुत्र्याचं सांगता येत नाही, निघायच्या आधी भरपेट खायला घालू नका. बोटीवर लिफ्ट असते, गाडी लावतानाच तिथल्या लोकांना सांगा की बरोबर गुडघेदुखीवाल्या आई आहेत, ते लिफ्टजवळ गाडी लावायला लावतात.

अजून एक, लीड्सहून ओबान सहा-सात तासांचं ड्रायव्हिंग आहे, सकाळची फेरी गाठायची तर आदली रात्र ओबानला काढा.

प्राणीमैत्रीण

मी व्हेट नर्स आहे, मेंढ्यांच्या भागातल्याच क्लिनिकमध्ये काम करते म्हणून थोडं जास्त लिहिते.

बोट लागत असेल तर कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध असतं, ते व्हेट लिहून देतो, माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. फार्मवर जायच्या आधी जंताचा डोस करा आणि त्यात टेपवर्मचं औषध आहे ना हे विचारून घ्या. कुत्र्याच्या काही टेपवर्मच्या गाठी मेंढीच्या मांसात होतात आणि ते मांस खाटीकखान्यात बाद करतात, नुकसान शेतकऱ्याचं. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर, निओस्पोरा. हा परजीवी कुत्र्याच्या शीमधून गवतात, चाऱ्यात जातो आणि गाईंचा गर्भपात होतो. कुत्र्याला तो होतो कच्चं मांस किंवा जनावराची वार खाल्ल्याने. म्हणून फार्मवर शी उचलायची म्हणजे उचलायचीच, "इथे तर सगळं शेणच आहे" म्हणून सोडायची नाही, आणि व्यायलेल्या जनावरांच्या आसपास त्याला नाक घालू द्यायचं नाही. पिशवीसुद्धा कुंपणाला लटकवून जाऊ नका, कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्या.

गोचिडांचं औषध आधीच चालू करा, गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा हुक जवळ ठेवा आणि रोज रात्री कान, काख, बोटांच्या मधे हात फिरवून बघा. माणसांनीही स्वतःचे पाय बघावेत, लाइम आजार माणसांना होतो. किनाऱ्यावर मेलेले पक्षी, सील काही पडलेलं असेल तर लांब ठेवा, बर्ड फ्लूमुळे आता हे फार महत्त्वाचं आहे. पट्ट्याला नाव-पत्त्याचा बिल्ला हवा, इथे तो कायद्यानेच लागतो, त्यावर मोबाईल नंबरही टाका. व्हेटचं कॉटेजमालकांनाच विचारा, त्यांची जनावरं आहेत म्हणजे गरज पडली तर कुणाला बोलवायचं हे त्यांना पक्कं माहीत असतं. रोजची औषधं असतील तर मुक्कामापेक्षा जास्त दिवसांची न्या, वाऱ्याने फेरी रद्द झाली की अडकून पडायला होतं.

उन्हाळी

मी तर म्हणेन मे सोडू नका. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला मेसारखं कोरडं आणि उन्हाचं हवामान पुढे जुलै-ऑगस्टमध्येही मिळत नाही. आम्ही आमच्या लॅब्रॅडॉरला घेऊन मेमध्येच गेलो होतो टायरीला, शेजारचंच बेट, पूर्ण वेळ लीशवर ठेवला, काही झालं नाही. कॉर्नक्रेक ऐकायचा असेल तर तोच मोसम. हा पक्षी आफ्रिकेतून एप्रिलअखेर येतो, ब्रिटनमध्ये जवळपास सगळीकडून गेलाय पण कोल, टायरीला अजून आहे, दिसत नाही पण रात्रभर गवतातून क्रेक्स क्रेक्स ऐकू येतं, कंगव्याच्या दात्यांवर नख ओढल्यासारखं. कोलला पश्चिमेकडे आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचं राखीव क्षेत्रच आहे त्याच्यासाठी. आईंना रात्री खिडकी उघडी ठेवून ऐकता येईल, हे सप्टेंबरात मिळणार नाही.

माणदेशी

उन्हाळी, तुमचं कॉर्नक्रेकचं पटलं पण तुमचा लॅब्रॅडॉर आणि यांचा शेरू यात फरक आहे हो. ताई स्वतःच सांगतायत की पळणारं दिसलं की तो ऐकत नाही.

मी धनगराच्या घरातला, माण तालुक्यातला, आजोबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आधी परत. आता मी इकडे नोकरीला आहे पण मेंढरू सगळीकडे सारखंच. एक लक्षात घ्या, कुत्र्याने चावायची गरज नाही. नुसता मागे लागला तरी गाभण मेंढी घाबरून पळते आणि गाभ टाकते. आणि व्यायलेली असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात काय होतं, मेंढी एकीकडे पळते, दोन दिवसांचं कोकरू दुसरीकडे, आई-लेकराची चुकामूक झाली आणि लगेच जवळ आली नाहीत तर कधी कधी मेंढी त्याला परत अंगाला लावूनच घेत नाही. तिकडे थंड वारा आणि पाऊस, पोटात दूध नसलेलं कोकरू एक रात्र काढत नाही. आजोबांची कुत्री मेंढरातच जन्मायची, कोकरांबरोबर झोपायची, म्हणून ती राखण करायची. सोसायटीत वाढलेल्या कुत्र्याकडून ती अपेक्षा करणं त्याच्यावरच अन्याय आहे.

बेटांवर गवत उशिरा वाढतं म्हणून लॅम्बिंगही उशिरा, एप्रिल मध्य ते मेअखेर धरून चाला. म्हणजे तुमचा आठवडा बरोबर मध्यात येतोय.

कायद्याचंही सांगतो. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये कुणाच्याही जमिनीवरून जबाबदारीने चालायचा हक्क आहे, पण कुत्रा बरोबर असेल तर कोकरं, वासरं असलेल्या शेतात शिरायचं नाही असं त्याच्या आचारसंहितेत आहे. जनावरांच्या मागे कुत्रा लागला तर नोव्हेंबर २०२१ पासून शिक्षा वाढलीय, दंड ४०,००० पौंडांपर्यंत किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद. आणि जनावरं वाचवायला दुसरा उपायच नसेल तर शेतकरी कुत्र्याला गोळी घालू शकतो, कायदा त्याच्या बाजूने आहे. घाबरवत नाहीये, पण शेरूचा जीव महत्त्वाचा.

माझं मत, त्याला घरी ठेवू नका, तारीख बदला. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. कोकरं तोवर मोठी होतात, आयांपासून तोडलेली असतात, बरीच विकलीही जातात.

रानजाई

माणदेशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला आणि फोनवर आईला मोठ्याने वाचून दाखवला. आई म्हणाली, कोकरू मेलं तर मला तो समुद्र गोड लागायचा नाही, तारीख बदला. त्यामुळे मे रद्दच.

मालकांना ईमेल केला, शेरूचं सगळं खरंखरं लिहिलं, फोटोसकट. त्यांचं इतकं छान उत्तर आलं. म्हणाले, असं आधी विचारणारे पाहुणे आम्हाला हवेत. सप्टेंबरचा दुसरा आठवडा देतायत. तेव्हा घराशेजारच्या दोन शेतांत मेंढ्या नसतील, फक्त गाई आणि वासरं, आणि घरामागच्या अंगणाला जाळीचं कुंपण आहे पण शेरूला उडी मारता येते का ते कळवा म्हणाले. (येते. कळवलं.) त्यांच्या स्वतःच्या दोन कॉली (मेंढ्या हाकणारी कुत्री) कामाच्या आहेत, त्यांच्याशी खेळायला सोडू नका, मेंढ्या हलवताना क्वाड बाईक अंगणातून जाते तेव्हा शेरूला घरात घ्या, आणि शेडमध्ये उंदरांचं विष ठेवलेलं असतं तिकडे अजिबात फिरकू देऊ नका. जवळच्या बीचवर गेट बंद करून जायचा वेगळा रस्ता आहे, वाटेत कुठलंच जनावर नाही, तिथे लांब दोरीवर फिरवता येईल.

आता दोनच शंका. लांब दोरी कुठली घ्यायची? आणि गाई-वासरांच्या शेतातून जायची वेळ आलीच तर?

प्राणीमैत्रीण

बायोथेनची (प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पट्टीची) दहा मीटरची घे, कापडी दोरी समुद्राच्या पाण्याने आणि वाळूने जड होते आणि हात सोलून काढते. पट्ट्याला लावू नकोस, हार्नेसलाच, कारण धावत जाऊन दोरी संपली की मानेला जोरात झटका बसतो. दोरीला हाताभोवती वेढे घ्यायचे नाहीत, आणि आईच्या हातात लांब दोरी द्यायचीच नाही, त्यांच्याकडे साधी छोटी लीश, तीही शेरू दमलेला असताना. आत्तापासूनच पार्कात सवय कर, रोज थोडं, हाक मारली की वळून आला तर चिकनचा तुकडा. सप्टेंबरपर्यंत भरपूर वेळ आहे.

माणदेशी

वासरं असलेल्या शेतातून कुत्रा घेऊन जाऊच नका, लांबून वळसा घाला. गाय एरवी गरीब, पण वासरू जवळ असताना कुत्रा दिसला की ती अंगावर येते. आणि समजा आलीच, तर लीश सोडून द्या. हे उलटं वाटेल पण आचारसंहितेतही हेच लिहिलंय. गाईला कुत्रा हवा असतो, तुम्ही नाही. तो पळून सुटतो, तुम्ही शांतपणे जवळच्या गेटकडे निघा. दोरी धरून ठेवली तर दोघंही तिच्या पायाखाली याल.

मेंढ्या लांबून दाखवा त्याला, कुंपणाच्या या बाजूने, तो शांत बसला की शाबासकी आणि लगेच मागे फिरायचं. जवळ नेऊन "ओळख" करून द्यायला जाऊ नका, बरेच लोक करतात.

ग्लासगोकर

सप्टेंबर मस्त आहे, मिजेस (चावणाऱ्या बारीक माश्या) पण कमी, तशाही वाऱ्यामुळे कोलला त्या कमीच असतात. पण महिन्याच्या उत्तरार्धात वादळं सुरू होतात, धक्क्याला लागता आलं नाही तर बोट कधी कधी कोलला न थांबता पुढे जाते, म्हणून परतीनंतर लगेच ऑफिस ठेवू नका, एक दिवस मोकळा ठेवा. अरिनागोर गावात दुकान आहे पण शेरूचं नेहमीचं खाणं तिथे मिळेल असं धरून चालू नका, पूर्ण पिशवी घेऊन जा. डाळ, पोहे, आईंचा मसाला पण इथूनच. रस्ते एकपदरी, पासिंग प्लेसमध्ये थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं आणि हात करायचा, तिथे सगळेच करतात.

आणि कॉटेजचे पैसे भरायच्या आधी फेरीवर गाडीची जागा आहे का ते बघा, माणसांना जागा मिळते पण गाड्यांची लवकर भरते.

रानजाई

बघितलं, त्या शनिवारची गाडीची जागा गेलीय पण सोमवारी आहे. मालकांना विचारतेय सोमवार ते सोमवार देतील का. शेरूचा हार्नेस मागवला.