रात्री उशिरा बघण्यासारखा व्हिडिओ गेमवरचा टीव्ही शो सुचवा

निशाचर_पुणेकर:
नमस्कार मंडळी. दुसरी पाळी संपवून घरी यायला साडेबारा-एक होतो. जेवताना काहीतरी लावायला लागतं. गेम खेळायचं त्राण नसतं, पण बघायला आवडतं. यूट्यूबवरचे स्ट्रीमर झेपत नाहीत, दोन मिनिटं झाली की किंचाळतात आणि मग 'सबस्क्राइब करा'. पूर्वी बाहेरच्या देशांत टीव्हीवर रात्री गेमचे रीतसर कार्यक्रम लागायचे म्हणे. त्यातलं आज बघण्याजोगं काय आहे? एकच अट. बायको सोबत बसते, आणि तिला मारिओपलीकडे गेममधलं काही ठाऊक नाही. (करून घ्यायचंही नाही.)

केळ्याचं_शिकरण:
गेम्समास्टर, डोळे झाकून. ब्रिटनचा चॅनेल ४, १९९२ ते ९८. खगोलशास्त्रवाले पॅट्रिक मूर आठवतात? त्यांचं नुसतं डोकं पडद्यावर तरंगतं आणि पोरांना गेममध्ये अडकल्यावर तोडगे सांगतं. जिंकणाऱ्याला सोनेरी जॉयस्टिक. २०२१ साली पुन्हा काढला होता, पण मजा जुन्यातच.

ग्लासगोतला_गण्या:
शिकरण, तो संध्याकाळी लागायचा हो, शाळकरी पोरांसाठी. रात्रीचाच हवा तर 'बिट्स'. तोही चॅनेल ४चाच, १९९९ ते २००१, आणि बनायचा आमच्या ग्लासगोत. एमिली बूथ, एमिली न्यूटन डन आणि अ‍ॅलेक्स क्रोटोस्की या तिघी सूत्रधार. चॅनेलने मध्यरात्रीच्या आसपास एक वेगळा पट्टाच राखून ठेवला होता, त्यात हा लागायचा. त्या वेळेला जाहिरातदार आणि साहेबलोक दोघेही झोपलेले, त्यामुळे कुणाची भीड नाही. भिकार गेमला तोंडावर भिकार म्हणायच्या. क्रोटोस्कीने पुढे बीबीसीसाठी इंटरनेट या विषयावर मोठी मालिका केली, तिला बाफ्टा हा ब्रिटनचा मानाचा पुरस्कार मिळाला. अधिकृत असं कुठे दिसत नाही, चाहत्यांनी व्हीएचएसवरून चढवलेले भाग शोधावे लागतात. चित्र पावसाळ्यातल्या दूरदर्शनसारखं, आधीच सांगून ठेवतो.

निशाचर_पुणेकर:
गण्याभाऊ, ऐकायला झकास वाटतंय. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या नव्या गेमची परीक्षणं आज बघून काय करू? आणि बायकोला काय सांगू?

खेळगडी_७८:
निशाचर, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. परीक्षणं शिळी होतात. म्हणून माझं मत जपानला: 'गेम सेंटर सीएक्स'. फुजी टीव्हीच्या सॅटेलाइट चॅनेलवर नोव्हेंबर २००३ मध्ये सुरू झाला.

प्रकार असा आहे. शिन्या आरिनो नावाचा विनोदी नट, 'योइको' या जोडगोळीतला. कंपनीच्या गणवेशासारखं जाकीट घालून एका साध्या खोलीत टीव्हीपुढे बसतो. त्याला जुना गेम देतात, बहुतेकदा ऐंशी-नव्वदच्या दशकातला, आणि तो संपवायचा. बस्स. आता मेख अशी की गडी गेममध्ये यथातथाच आहे. पहिल्याच खड्ड्यात पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा त्याच खड्ड्यात. तासन्‌तास. कापून-छाटून तासाभराचा भाग होतो. डोकं तापलं की कपाळावर ती निळसर थंड पट्टी चिकटवतो, आपण पोरांना ताप आला की लावतो ती, आणि खेळत राहतो. अगदीच गाडी रुतली की कॅमेऱ्यामागचा असिस्टंट डायरेक्टर पोरगा पांढरा फळा घेऊन येतो, त्यावर उड्या कुठे मारायच्या त्याची आकृती काढून दाखवतो. कधी तर कंट्रोलरच हातात घेतो. त्या पोराचाही तिथेच जीव गेला की आरिनोचा चेहरा बघा!

तो चिडत नाही, हा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. 'अरेच्चा' म्हणून हसतो आणि परत सुरू. रात्री एक वाजता याहून जास्त माणसाला झेपतही नाही.

केळ्याचं_शिकरण:
खेळगडी, मान्य. पण सुरुवात कुठून करायची तेही सांगा, भाग ढिगाने आहेत.

खेळगडी_७८:
'माकाइमुरा'चा भाग आधी. बाहेर या गेमला 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' म्हणतात. चिलखत घातलेला सरदार, एक फटका बसला की चिलखत गळून चड्डीवर, दुसरा बसला की खल्लास. वहिनींना हे समजायला गेमचं ज्ञान लागत नाही. आणि शेवटच्या राक्षसाला मारल्यावर गेम म्हणतो की हा सगळा भ्रम होता, पहिल्यापासून पुन्हा खेळा. अख्खा गेम दोनदा! मग 'माइटी बॉम्ब जॅक'. तो खोलीत जमला नाही म्हणून पुढे टोकियोत सभागृहात, भरल्या प्रेक्षकांपुढे खेळला. एका माणसाच्या उडीवर एवढं सभागृह श्वास धरून बसलेलं मी क्रिकेटमध्येही कमी पाहिलंय.

'ताकेशीचं आव्हान' मात्र पहिल्याच दिवशी लावू नका. १९८६चा गेम, दिग्दर्शक-नट ताकेशी किटानोच्या कल्पनेतून निघालेला आणि जाणूनबुजून खेळणाऱ्याच्या डोक्याला ताप. एके ठिकाणी नकाशा दिसावा म्हणून कंट्रोलरला तासभर हात न लावता बसावं लागतं. दुसरीकडे कंट्रोलरच्या माइकमध्ये गाणं म्हणायचं. एवढं सगळं केल्यावर शेवटी पडद्यावर ताकेशीचं तोंड येतं आणि म्हणतं

ग्लासगोतला_गण्या:
थांबा थांबा! शेवट फोडू नका राव.

खेळगडी_७८:
बरं, गिळला.

सांगलीची_सुमन:
मी गेम खेळत नाही, नवरा खेळतो, म्हणून वहिनींच्या बाजूने लिहिते. 'गेम सेंटर सीएक्स' मी आपणहून लावते. मध्ये मध्ये आरिनो जपानभरच्या जुन्या गेम पार्लरना भेट देतो, तो तुकडा तर चुकवत नाही. म्हाताऱ्या मालकीणबाई, काउंटरवर खाऊच्या बरण्या, कोपऱ्यात अजून नाणं घालून चालणारं एखादं यंत्र. आणि गेमचं संगीत ओळखीचं निघतं बरं का. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'सामुराई', 'लिटल मास्टर' ही खोकी आली होती ना, ती त्यांच्या फॅमिकॉमचीच, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या निन्टेंडोच्या जुन्या यंत्राचीच नक्कल. माझ्या भावाने त्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्यात. 'हा आवाज मला माहितीये' असं तुमची बायको दहा मिनिटांत म्हणते की नाही बघा.

मेलबर्नचा_मध्या:
आमच्या इथला 'गुड गेम' राहिला. ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवर २००६ ते २०१६. सरकारी चॅनेल असूनही चुरचुरीत. पण तोही परीक्षणांचाच, तेव्हा निशाचर यांच्या कामाचा नाही. घरात पोरं असतील तर त्यांचा 'स्पॉन पॉइंट' बघा, तो मुलांसाठी वेगळा काढला होता.

निशाचर_पुणेकर:
सुमनताई, तुमच्या शब्दावर घेतो. जपानी येत नाही, सबटायटल मिळतील ना? जेवताना वाचणं जमतं, पण ती धावती नकोत.

खेळगडी_७८:
मिळतात. निवडक भाग २०११ साली अमेरिकेत 'रेट्रो गेम मास्टर' नावाने इंग्रजीत आले, त्याची डीव्हीडीही निघाली. बाकी भागांना चाहत्यांनी सबटायटल लावलीत, त्यांचा दर्जा खालीवर. तुमच्यासाठी डीव्हीडीवालेच बरे. आणि आमटी-भात असेल तर वाचायचं टेन्शन घेऊ नका, तो खड्ड्यात पडला हे न वाचताही कळतं.