बुचे उकळण्याविषयी

आल्याची घरगुती जिंजर बीअर बाटल्यांत भरताना पत्र्याची बुचे निर्जंतुक करण्यासाठी दहा मिनिटे खळखळ उकळावीत, असा सल्ला दिला जातो. तो मला पूर्णपणे पटत नाही. बुचाच्या आतला प्लॅस्टिकचा पातळ थरच बाटलीच्या ओठावर दाबला जाऊन वायू अडवून धरतो, आणि तो फार वेळ उकळल्यास सुरकुतण्याची किंवा कडेने सुटण्याची शक्यता असते. गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात आमच्याकडे चोवीसपैकी पाच बाटल्या उघडताना साधे 'फुस्स'सुद्धा झाले नाही, आणि ती बुचे उलटी करून पाहिली तेव्हा थरावरची सुरकुती स्पष्ट दिसत होती.

हल्ली मी नवी बुचे साध्या पाण्याने धुऊन, निथळून, भरण्याच्या थोडे आधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (जंतुनाशक म्हणून वापरतात ते) बुडवतो आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच लावतो. अल्कोहोल जितके शुद्ध तितके चांगले, हा समज चुकीचा आहे, कारण जंतूंमधील प्रथिने बिघडवण्याच्या क्रियेत पाण्याचाही वाटा असतो आणि ९९ टक्क्यांचे द्रावण काम पुरते होण्याआधीच उडून जाते. (शेगडी मात्र आधी बंद करावी, वाफ पेट घेते.)

बुचे रात्रभर भिजत ठेवू नयेत, कापलेल्या कडेला गंज धरतो. वापरलेली बुचे पुन्हा लावण्याची काटकसर तर मुळीच करू नये.