मदत हवी आहे: लग्न नाशिकचं, घटस्फोट कॅलिफोर्नियात

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. लग्न २०१४ ला नाशिकला, महापालिकेत नोंदणी केलेली. सहा वर्षं झाली सांता क्लारा काउंटीत राहतोय, मी एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा), मुलगी सात वर्षांची. मारहाण वगैरे काही नाही, पण दोन वर्षांत आमचं बोलणं म्हणजे दूध संपलंय आणि हिला क्लासला कोण सोडणार एवढंच उरलंय. आईलाही सांगून झालंय, ती आधी रडली, मग म्हणाली तुला झेपेल ते कर. तेव्हा "पुन्हा एकदा विचार कर" असं कृपया कोणी सांगू नका.

इथल्या सुपिरिअर कोर्टाच्या सेल्फ हेल्प सेंटरला जाऊन आले, फुकट असतं ते. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, की दोघांपैकी एकजण जरी राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने राहिलेला असला तरी अर्ज करता येतो, कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही, फी ४३५ ते ४५० डॉलर, उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. एफएल-१०० (घटस्फोटाचा अर्ज) आणि समन्स (नवऱ्यासाठी कोर्टाची नोटीस) भरायचं, मूल आहे म्हणून एफएल-१०५ (मुलीच्या ताब्यासंबंधीचा फॉर्म) पण, आणि कोर्टात जमा केलं की ते नवऱ्याला आपण स्वतः द्यायचं नाही, १८ वर्षांवरच्या तिसऱ्याच कोणीतरी द्यायचं.

रात्री ओट्यावर फॉर्म पसरून बसले. लग्नाची तारीख लिहिली, पुढचा रकाना वेगळे झाल्याची तारीख, आणि तिथेच अडले. राहतो तर एकाच घरात. तो उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला तो गणपतीतला दिवस धरायचा, की मी मार्चमध्ये "मला हे पुढे न्यायचं नाही" असं तोंडाने म्हटलं तो? आणि हा निकाल भारतात चालेल का? एच-४ चं काय होईल?

प्रतिसाद:
ताई, मी वकील नाही पण यातून गेलेय. मार्चची तारीख जास्त टिकेल. एका छताखाली राहत असलात तरी चालतं, पण संपलंय हे समोरच्याला सांगितलेलं हवं आणि नंतरचं वागणंही तसंच हवं. या तारखेनंतरची कमाई साधारण ज्याची त्याची धरतात, म्हणून अंदाजाने टाकू नका.

भारताचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निकाल वाचा, परदेशातला घटस्फोट भारतात कधी मानायचा ते त्यात आहे. हिंदू विवाह कायद्यात नुसतं पटत नाही हे कारण नाही, त्यामुळे इथे एकतर्फी घेतलेला घटस्फोट तिकडे अडू शकतो. नवरा स्वखुशीने केसमध्ये आला आणि त्याने संमती दिली तर बरंच सोपं जातं, तेव्हा त्याच्याकडून उत्तर दाखल करून घ्या. नाहीतर नाशिकला त्याच कायद्याच्या कलम १३ ब खाली संमतीने करता येतो, त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, पुढे सहा महिने थांबायची अट कोर्ट माफ करू शकतं.

एच-४ निकाल लागला की जातो. नवऱ्याला कागद मिळाल्यापासून सहा महिने तरी इथे निकाल लागत नाही, तेवढ्यात इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा, हे पुढे ढकलू नका.

आणि समन्सची मागची बाजू नीट वाचा. नवऱ्याला कागद मिळाले की त्याला दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला राज्याबाहेर नेता येत नाही, आणि तुम्हाला तर ते अर्ज केल्या दिवसापासून लागू.

धागाकर्ती:
बाई गं, हे माहीतच नव्हतं. दिवाळीची तिकिटं काढून ठेवलीयेत आईकडे जायची. अर्ज थांबवते, आधी त्याच्याकडून लिहून घेते, आज रात्रीच विचारते.